फॅन झेनडाँगची पॅरिसमधील लढत

आजची दुपार २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील चीनचा टेबल टेनिसपटू फॅन झेनडाँग आणि जपानचा तोमोकाझू हारिमोतो यांची उपांत्यपूर्व लढत पुन्हा पाहण्यात गेली. वांग चुचिन आदल्याच दिवशी स्वीडनच्या ट्रुल्स मोरेगार्डकडून हरल्यामुळे पुरुष एकेरीत चीनची सारी भिस्त एकट्या फॅनवर होती, आणि त्याने पहिले दोन गेम २-११, ९-११ असे गमावले. समोरच्या हारिमोतोचे आईवडीलही मूळचे चीनचेच खेळाडू! पुढचे दोन गेम जिंकून बरोबरी साधल्यावर पाचवा ४-११ असा गेला, तरी दर सहा गुणांनंतर शांतपणे टॉवेलने घाम पुसून परतणाऱ्या फॅनने शेवटचे दोन्ही गेम ११-७ असे घेतले. माझ्या मते सुवर्णपदकाची खरी लढत हीच. अंतिम सामन्यात मोरेगार्डला त्याने ४-१ असे हरवले.