नवाग्रुदकचं भुयार आणि नालिबोकीचं जंगल

बेलारूसची राजधानी मिन्स्क. तिथून नवाग्रुदक या गावी जायचं तर बस किंवा टॅक्सी. गावात रेल्वे स्टेशन नाही. अंतर साधारण १५० किलोमीटर. वाटेत मीरचा देखणा किल्ला लागतो. तिथे अर्धा तास थांबाच. १९४२ मध्ये नाझींनी या किल्ल्यात ज्यूंना कोंडून ठेवलं होतं.

नवाग्रुदकचं ज्यू प्रतिकार संग्रहालय छोटंसं आहे, नाझींच्या श्रमछावणीच्या उरलेल्या बराकीत. आधी फोन करा आणि रशियन येणारं कुणी सोबत न्या. १९४३ च्या उन्हाळ्यात इथल्या कैद्यांनी झोपायच्या फळ्यांखालून भुयार खणायला घेतलं. कैद्यांमध्ये सुतार, शिंपी, इलेक्ट्रिशियन होते. घोंगड्यांच्या पिशव्या शिवल्या, माती ओढायला लाकडी रुळांवर ढकलगाडी केली, आत दिवेसुद्धा लावले. उकरलेली माती माळ्यावर आणि दुहेरी भिंतींच्या पोकळीत दडवली. २६ सप्टेंबरच्या पावसाळी रात्री सुमारे २५० जण एकामागोमाग रांगत बाहेर पडले. कितीतरी जण अंधारात दिशा चुकले आणि मारले गेले, पण बहुतेक वाचले.

भुयार सुमारे २५० मीटरचं. मी ते अंतर जमिनीवरून चालून पाहिलं, माझी साडेतीनशे पावलं भरली. दुसऱ्या टोकाला उभं राहून मागे बघा. बराक इतकी जवळ दिसते की पोटात गोळा येतो.

वाचलेल्यांतले बरेच जण बिएल्स्की भावांच्या तुकडीत गेले. नाझींविरुद्ध जंगलातून लढणाऱ्या ज्यूंची ही तुकडी. ८ डिसेंबर १९४१ ला नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीत या भावांनी आईवडील गमावले होते. थोरला तुव्हिया म्हाताऱ्यांना, लेकरांना, हत्यार न धरू शकणाऱ्यांनाही तुकडीत घ्यायचा. त्यावरून वाद झाले, कारण जितकी तोंडं जास्त तितका धोका जास्त. तो मागे हटला नाही. माझ्या लेखी याहून मोठी लढाई नाही. नालिबोकीच्या जंगलात त्यांनी गावच वसवलं: बेकरी, चामडं कमावायची जागा, चांभार, घड्याळजी, शाळा. सोव्हिएत पार्टिझनांची, म्हणजे गनिमी सैनिकांची, हत्यारंही इथे दुरुस्त व्हायची. १९४४ च्या उन्हाळ्यात १,२०० हून अधिक माणसं जिवंत बाहेर आली.

जंगलात स्थानिक वाटाड्याशिवाय शिरू नका. पायवाटा फसव्या, दलदल मोठी, मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. गोचिड्यांसाठी पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, आणि परतल्यावर अंग तपासणं. गमबूट घ्या; माझे साधे बूट पहिल्या तासातच भिजले. रोख रुबल जवळ ठेवा. व्हिसा आणि वैद्यकीय विम्याचे नियम निघण्याआधी बेलारूसच्या दूतावासाकडून पक्के करून घ्या.

बिएल्स्कींच्या जंगलातल्या छावणीच्या जागी आता भुईघरांचे, म्हणजे जमिनीत खणलेल्या घरांचे, खड्डे तेवढे उरलेत. मी गेलो तेव्हा ते बर्चच्या पानांनी भरले होते आणि एकाच्या कडेला अळंबी उगवली होती. काठ ठिसूळ आहेत. खड्ड्यांत उतरू नका, बाजूने चाला.