आमच्या पहिल्या अल्बममधील पंधरा मात्रा

शब्द नसलेल्या मेटल संगीताला ‘अवकाशाविषयीचे’ म्हणणे फार सोपे असते. मुखपृष्ठावर तेजोमेघाचे चित्र छापले, रचनांना ग्रहताऱ्यांची नावे दिली आणि सिंथेसायझरचा एखादा लांबलचक सूर मागे सोडून दिला की काम भागते. आम्हा चौघांच्या पहिल्या अल्बमचा कच्चा आराखडाही असाच होता. नावे झाकली तर यात अवकाश उरते कुठे, या आमच्या ड्रमरच्या प्रश्नाला मात्र कोणाकडेही उत्तर नव्हते.

ते मिळाले नारायणगावजवळच्या खोडदला. तेथील महाकाय रेडिओ दुर्बीण राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास सर्वांना पाहता येते, म्हणून आम्ही पहाटेच पुण्याहून निघालो होतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेल्या त्या दुर्बिणीचे पल्सर, म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरत नियमित रेडिओ स्पंदने पाठवणारे मृत तारे, हे एक मुख्य काम आहे. जोसेलिन बेल यांना १९६७ साली केंब्रिज येथे सापडलेला पहिला पल्सर १.३३७ सेकंदांना एक ठोका देतो, म्हणजे मिनिटाला सुमारे ४५. ही आमच्या भाषेत अतिविलंबित लय झाली. वेला तारकासमूहातील पल्सर सेकंदाला सुमारे ११.२ वेळा फिरतो, आणि त्याची स्पंदने ध्वनीत बदलून ऐकली तर सलग खडखडाट ऐकू येतो.

परतीच्या वाटेवर ड्रमरने गाडीतच मोबाइलवर भागाकार केला, तर पहिल्याच्या एका ठोक्यात दुसऱ्याचे १४.९७ ठोके बसत होते. उरलेले तीन शतांश आम्ही संगीतकाराच्या अधिकारात माफ करून टाकले.

अल्बममधील नऊ मिनिटांची सर्वांत लांब रचना या पंधरावर उभी आहे. क्रॅश झांजेवर पहिला पल्सर, डबल पेडलवर, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या बेस ड्रमवर, वेला, आणि गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा स्वरसमूह, तीन-चार-चार-चार असा तुटलेला. सांगायला सोपे वाटते, पण पंधरा ही विषम संख्या असल्यामुळे दोन्ही पाय आळीपाळीने चालवले की एका आवर्तनात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, उजव्या पायावर येते आणि पुढच्या आवर्तनात डाव्यावर. ज्याचा डावा पाय जरा दुबळा असेल त्याची फजिती दर दुसऱ्या समेला उघडी पडते. आमच्या ड्रमरने केवळ डाव्या पायासाठी चार महिने घालवले. लहानपणी ज्यांच्याकडे तो तबला शिकला त्या गुरुजींना त्याने ही रचना ऐकवली, तेव्हा डोळे मिटून हातावर मात्रा मोजत ते एवढेच म्हणाले, “अरे, ही तर सवारी! एवढी धडपड करत खोडदला कशाला गेलास?” सवारी म्हणजे तबल्यातला पंधरा मात्रांचाच ताल.

ध्वनिमुद्रण पटकन उरकले. मिक्सिंगने मात्र जीव काढला. आठ तारांच्या गिटारची सर्वांत खालची तार साधारण ४६ हर्ट्झवर वाजते, तिथेच बेस गिटार असते आणि बेस ड्रमचे पोटही तिथेच, त्यामुळे पहिल्या मिक्समध्ये वेलाचे पंधरा ठोके चिखलात रुतल्यासारखे ऐकू येत होते. शेवटी गिटारचा १०० हर्ट्झखालचा भाग कापून ती जागा बेसला दिली आणि बेस ड्रमवर पेडलचा कोरडा टकटकाट वर आणला, तेव्हा कुठे प्रत्येक ठोका सुटा झाला. माझ्यातल्या गिटारवादकाला हे अजूनही थोडे सलते.

मोबाइलच्या स्पीकरवर हा खालचा मजला ऐकूच येत नाही, म्हणून हेडफोन लावूनच ऐकावे, ही विनंती. त्या लांब रचनेच्या शेवटी सर्व वाद्ये थांबतात आणि झांजेवरचा पहिला पल्सर एकटाच आणखी आठ ठोके चालतो. त्यातला सहावा किंचित उशिरा पडला आहे, हे आम्हाला ठाऊक आहे, आणि ड्रमरने फार आग्रह करूनही आम्ही तो दुरुस्त केलेला नाही.