अथणी ते जांबोटी : जुनी स्टुलं, खुर्च्या आणि बाकं निवडताना

ही वाट आम्ही मुद्दाम वैशाखात धरली. जुनं लाकडी सामान पावसाळ्यात घेऊ नये. आषाढ-श्रावणात लाकूड ओल पिऊन फुगतं, सैल सांधाही घट्ट लागतो आणि तेच स्टूल फाल्गुनात आपल्या घरी डुगडुगायला लागतं. मार्च ते मे या दिवसांत लाकूड पार सुकलेलं असतं, दोष झाकून राहत नाहीत. बेळगाव जिल्ह्यात हे जास्तच सांभाळावं लागतं. पूर्वेला अथणीकडचा कोरडा मुलूख आणि पश्चिमेला खानापूर-कणकुंबीकडे घाटाचा पाऊस. एकाच मापाचं सागवानी स्टूल अथणीत राहिलं तर त्याचं दुखणं वेगळं, जांबोटीत राहिलं तर वेगळं. म्हणून आम्ही कोरड्याकडून ओल्याकडे निघालो : अथणी, चिकोडी, निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर, जांबोटी.

अथणीकडच्या सामानात वाळवी-बुरशी कमी, भेगा जास्त. स्टूल हातात आलं की आधी उलटं करायचं. वरची फळी धुतलेली, घासलेली, पॉलिश मारलेली असते. खालच्या बाजूला सहसा कुणी हात लावत नाही. हाताने रंधलेल्या फळीवर बोट आडवं फिरवलं की बारीक लाटा लागतात. यंत्रावर रंधलेली फळी सपाट लागते किंवा तिच्यावर एकसारख्या अंतराच्या आडव्या रेघा असतात. गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या वाकलेल्या, हातकरवतीच्या सरळ पण कमीजास्त अंतराच्या.

गोल फळीचं स्टूल असेल तर टेप काढून दोन मापं घ्या, एक रेषांच्या दिशेने आणि एक रेषांना आडवं. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आटत नाही, आडवं मात्र वर्षानुवर्षं आटत राहतं. एक फुटाच्या जुन्या फळीत तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज निघतो. फळी अगदी बरोबर गोल आली, आणि विकणारा ‘आजोबांच्या काळातलं’ म्हणत असेल, तर फळी तरी नंतरची आहे. फुलीच्या डोक्याचा स्क्रू दिसला तर तोही १९३० नंतरचा. वस्तू जुनी असली तरी मध्ये कुणीतरी ती उघडून दुरुस्त केलेली आहे. झीजही बघावी. खऱ्या वापराने समोरची पायपट्टी मधोमध झिजते, मागची जवळपास कोरीच राहते. चारही पट्ट्या सारख्याच झिजलेल्या असतील तर ते काम पॉलिश पेपरचं.

अथणीच्या चपलांचं चामडं हेही इथे थांबायचं एक कारण. ते पुढे बेळगावात कामाला येणार होतं.

निपाणी तंबाखूच्या वखारींचं गाव. तिथल्या जुन्या वाड्यांतून, पेढ्यांतून निघणाऱ्या सामानात बाकं आणि बैठी डेस्कं हमखास असतात. बाक घेताना लांबी किती यापेक्षा मधे आधार आहे का ते बघा. पाच-सहा फुटांची फळी एक इंचाचीच असेल आणि मधे आडपट्टी नसेल, तर ती खाली झोळ खाते. दोऱ्याने तपासता येतं : दोन टोकांना दोरा ताणून धरायचा आणि मधली फट मोजायची. पाच मिलिमीटरपर्यंत चालून जातं. त्याहून जास्त असेल तर फळी उलटी बसवून घ्यावी लागते आणि मग पॉलिश, झीज, जुनेपणा सगळं खालच्या बाजूला जातं.

आता दराचं. जुनं सागवान घनफुटावर विकलं जातं, त्यामुळे साध्या स्टुलात लाकूड किती आहे हे माहीत असलेलं बरं. दोन इंच चौरस, अठरा इंच उंच चार पाय, फूटभर चौरस एक इंची फळी आणि दहा इंचाच्या आठ पट्ट्या (दीड इंच रुंद, एक इंच जाड) मिळून साधारण ५५० घन इंच, म्हणजे एक घनफुटाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. गावात सागाचा जो दर चालू असेल त्याची तिहाई काढा. त्यावरचे पैसे तुम्ही कारागिरीला आणि वयाला देताय. एवढ्या स्टुलाचं वजन सागात सहा किलोच्या आसपास भरतं, शिसवीत साडेसात. सामान तोलायचा छोटा काटा पिशवीत ठेवला की काळा रंग मारलेलं सागवान शिसवीच्या भावाने गळ्यात पडत नाही. खरं शिसवी असेल तर पावती घेतल्याशिवाय हलू नये.

संकेश्वरात थोडकंच बघितलं आणि बेळगाव गाठलं.

बेळगावच्या कॅम्पात लष्करी वस्ती जुनी, त्यामुळे घडीच्या आणि सुट्या होणाऱ्या खुर्च्यांवर नजर ठेवावी. त्यातली सर्वांत गुणाची रुडकी खुर्ची. चार खरादी पाय, चार आडवे दांडे, कॅनव्हासची किंवा चामड्याची बैठक, हातांच्या जागी चामड्याचे पट्टे आणि बोल्टवर मागेपुढे झुलणारी पाठ. सांध्यात सरस नाही, खिळा नाही. दांड्याची निमुळती टोकं पायांच्या भोकात बसतात आणि माणूस बसला की वजनानेच आवळली जातात. चारही पाय वेगवेगळे हलत असल्यामुळे खडबडीत जमिनीवरही ती टेकते. घेताना दांडे उपसून टोकं बघावीत. ती गोल आणि गुळगुळीत हवीत. कुणी सैल झाली म्हणून फेविकॉल ओतून चिकटवली असतील तर ती खुर्ची सोडून द्या. एका जागी घट्ट झालेला सांधा पुढच्या हिसक्याला पाय फाडतो.

चामडं कुजलेलं असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं अथणीचं चप्पलचं चामडं या पट्ट्यांना उत्तम चालतं. तीन ते चार मिलिमीटर जाडीचं घ्या, ओलं करून एक दिवस वजन टांगून ताणा आणि मगच भोकं पाडा. आधी भोकं पाडली तर महिन्याभरात पट्टे लांबतात आणि कोपर खाली जातं.

लांब हातांची आरामखुर्ची आणि वेताच्या खुर्च्याही इथे मिळतात. वेत बघताना आधी चौकटीच्या कडेला बघा. ओळीने भोकं असतील तर विणकाम हाताचं, आणि विणणारा मिळाला तर तसंच पुन्हा होतं. भोकांऐवजी खाचण असून त्यात वेताची काडी ठोकलेली असेल तर ती तयार जाळी; जाळी कापून आणून बसवायची, काम सोपं. बैठक नुसती लोंबली असेल पण एकही धागा तुटला नसेल तर विणायची घाई करू नका. ओलं फडकं खालच्या बाजूने अर्धा तास लावून ठेवा आणि सावलीत वाळवा, वेत पुन्हा ताठ होतो. वरून पाणी लावून काम होत नाही, कारण वरची चकचकीत साल पाणी घेत नाही.

वाकवलेल्या लाकडाच्या हॉटेलातल्या खुर्च्या सगळीकडे ‘व्हिएन्नाच्या’ म्हणूनच विकल्या जातात. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची १८५९ची मूळ खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट यांची. पेटंट १८६९ साली संपलं आणि अनेक कारखान्यांनी तशाच खुर्च्या काढल्या. बैठकीच्या कडीच्या आतल्या बाजूला कागदी लेबल किंवा छाप असतो का ते बघावं. नसेल तर खुर्ची म्हणून किंमत द्यावी, नावाची देऊ नये.

बेळगावच्याच शहापूर भागात सांध्यांचा विषय सुतारांशीच बोलण्यासारखा. डुगडुगणाऱ्या स्टुलाला खिळा मारलेला दिसला की आम्हाला वाईट वाटतं. खिळ्याने कुसू (भोकात बसणारं लाकडाचं टोक) चिरतं, लोखंड सागात गंजून काळं पडतं आणि भोक मोठं होत जातं. बरोबर रीत अशी : सांधा उघडायचा, जुना सरस कोमट पाण्याने मऊ करून खरवडायचा, नवा सरस लावायचा, सुतळीचे दोन वेढे देऊन काडीने पीळ भरायचा आणि चोवीस तास हलवायचं नाही. सांधा बांबूच्या खुंटीचा असेल तर कुसवातलं भोक एक मिलिमीटर कुसवाच्या बुडाकडे सरकवून पाडायचं, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो. याच सरसामुळे ढेकणांसाठी खुर्चीच्या सांध्यात उकळतं पाणी ओतू नये, सांधे सुटतात. पाटाला, बाजेला ते चालतं.

खानापूर ओलांडलं की दुखणं बदलतं. इथे भेगा कमी, पायांची कुज जास्त. सारवलेल्या जमिनीवर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या चौरंगाचे, घडवंचीचे पाय खालून ओल ओढतात. दाभण घ्या आणि पायाच्या तळाला दाबा. दोन-तीन मिलिमीटरहून जास्त सहज आत गेलं तर तळ गेलेला आहे. बरेच विकणारे कुजलेला भाग कापून टाकतात, म्हणून उंची मोजलीच पाहिजे. जेवणाच्या टेबलाला अठरा इंची बैठक लागते, टेबलाची पाटी आणि बैठक यांत दहा ते बारा इंच अंतर हवं. साडेसोळाचं स्टूल दिसायला छान, जेवायला त्रासाचं.

सागाच्या कडेचं पांढरं लाकूड भुंगेऱ्याला आवडतं, लालसर गाभ्याला तो सहसा शिवत नाही. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर स्टूल काळ्या कागदावर पंधरा दिवस ठेवा. पिठासारखी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून कोऱ्या लाकडाला दोनदा लावा. पॉलिशवरून ते मुरत नाही, आधी पॉलिश काढावं लागतं. रॉकेलने वास येतो, पण आतल्या अळीपर्यंत ते पोचेलच असं नाही.

जांबोटीकडून आणलेली वस्तू कोरड्या गावी न्यायची असेल तर निदान तीन आठवडे सावलीत, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी. या काळात ती डुगडुगली म्हणून पाय कापू नये. तीन आठवड्यांनी सपाट कडप्प्यावर ठेवून अधांतरी पायाखाली कागद सरकवून बघा. तेव्हाही फट राहिली तर त्या पायाखाली पाचर देऊन बैठक सरळ करायची, फटीएवढ्या जाडीची लाकडी चिप जमिनीवर ठेवून तिच्या वरच्या कडेने उरलेल्या तीन पायांभोवती पेन्सिल फिरवायची आणि तेवढंच कापायचं. स्पिरिट-लाखेचं पॉलिश त्यानंतर.