कुठे की कुणीकडे? एस्पेरान्तोतल्या ‘न’ने खाल्लेले चार महिने

एका अक्षरापायी माझे चार महिने गेले. एस्पेरान्तो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत शब्दाच्या शेवटी लागणारा ‘न’. ही भाषा शिकावी का असं विचारणाऱ्याला मी ठामपणे हो म्हणते. पण या ‘न’बद्दल मला कुणी मराठीतून सांगितलं असतं तर एवढा मनस्ताप झाला नसता, म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात भराभर झाली. ही भाषा रचणाऱ्या झामेनहोफ या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८८७ साली वॉर्सात पहिली पुस्तिका छापली, तिच्यात व्याकरणाचे नियम अवघे सोळा. नाम ‘ओ’ने संपतं, विशेषण ‘आ’ने, अनेकवचनाला ‘य’. क्रियापद ‘मी’ला जे, तेच ‘ते’ला. आणि ‘मी’ला शब्द कोणता, तर ‘मी’च! चार आणि चाक यांतल्या ‘च’चे दोन उच्चार आपल्या जिभेवर असतातच, इथे त्यांना दोन वेगळी अक्षरं आहेत एवढंच. कीआम-तीआम, कीओम-तीओम ही जोडी पाहिल्यावर तर मी मोठ्याने वाचून दाखवलं घरात: केव्हा-तेव्हा, किती-तितके! अशा पंचेचाळीस शब्दांच्या तक्त्याची सगळीकडे धास्ती घातलेली असते. माझा तो दोन संध्याकाळींत झाला. ‘त्याची बायको’ आणि ‘आपली बायको’ हा फरकसुद्धा या भाषेत आहे, आणि तो आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही.

मग ‘न’ आला.

कर्माला ‘न’ लावा, एवढंच धड्यात होतं. मी मान्जास पोमोन, म्हणजे मी सफरचंद खाते. सोपं वाटलं. पण मराठीत आपण सफरचंदाला काहीच लावत नाही, ‘ला’ लावतो तो कुत्र्याला, माणसाला. त्यामुळे हुन्दोन, म्हणजे कुत्र्याला, हे माझं बरोबर यायचं आणि पुस्तक, चहा, पत्र यांचा ‘न’ राहून जायचा. उलट ‘मला हे पुस्तक आवडतं’ लिहिताना ‘मला’तला ‘ला’ आडवा यायचा आणि मी ‘मिन’ लिहायचे. तिथे हवं ‘आल मी’, कारण आवडतंय पुस्तक, मी कर्म नाहीच. मी ज्या अॅपवर शिकत होते त्यावर दर वेळी लाल पट्टी यायची. का चुकलं, ते एका शब्दाने सांगितलेलं नसायचं. तेच वाक्य पुन्हा, पुन्हा लाल. रात्री साडेअकराला फोन उशीखाली सारून झोपायचे आणि चिडचिड सकाळपर्यंत टिकायची.

कर्माचं कोडं महिनाभरात सुटलं. खरं अडलं ते पुढे. ब्राझीलमधल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंशी माझा पत्रव्यवहार सुरू झाला होता. एका पत्रात मी लिहिलं, ‘ला कातो साल्तास सुर ला ताब्लो’. मला म्हणायचं होतं, मांजर टेबलावर उडी मारतं. त्यांनी विचारलं, मांजर आधीपासून टेबलावरच आहे का? तिथल्या तिथे उड्या मारतंय? मला प्रश्नच कळेना. टेबलावर म्हणजे टेबलावर! त्यांनी सांगितलं, खालून वर आलं असेल तर ‘ताब्लोन’.

म्हणजे इथे कर्म नाही, तरी ‘न’. मी नियम उघडून बसले. तेरावा नियम, एका ओळीचा: दिशा दाखवायची तर शब्दाला कर्माचाच प्रत्यय लागतो. ओळ कळली, हाताला वळण लागेना. कारण आपलं ‘घरात’ दोन्हीकडे चालतं. तो घरात आहे, तो घरात गेला. ‘घरी’सुद्धा तसंच, आणि एस्पेरान्तोत मात्र घरी असणं ‘हेय्मे’, घरी जाणं ‘हेय्मेन’. बरं, प्रत्येक जाण्याला लावावा, तर ‘आल ला लेर्नेयो’, शाळेकडे, इथे तो लागतच नाही, कारण ‘आल’मध्ये दिशा आलीच. अडीच-तीन महिने मी अंदाजाने ‘न’ टाकत होते आणि निम्मे चुकत होते. सोडून द्यायचं दोनदा ठरवलं होतं.

सुटका झाली ती माझ्या आजीच्या बोलण्यामुळे. आजी साताऱ्याकडची. घरातून कुणी बाहेर पडलं की ओसरीवरून विचारायची, ‘कुणीकडं चाललीस गं?’ एका दुपारी ‘कीए’ आणि ‘कीएन’ ही जोडी घोकताना ते कानात वाजलं. कीए वी एस्तास, तू कुठे आहेस. कीएन वी इरास, कुणीकडं चाललीस. ‘कुणीकडं आहेस’ असं आजी कधीच म्हणाली नसती! त्या दिवसापासून मी वाक्याला आजीचा प्रश्न विचारते. कुणीकडं उडी मारली? टेबलावर. मग ताब्लोन. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘कुणीकडं?’ लिहून ठेवलं, अजून आहे. मला फार आनंद झाला होता त्या दिवशी.

पुढे वाचनात आलं की खुद्द झामेनहोफ यांनी १८९४ साली सुधारणा सुचवल्या, त्यांत हा ‘न’ काढण्याचाही विचार होता, आणि शिकणाऱ्यांनीच बहुमताने सुधारणा नाकारल्या. चार महिने आधी कळतं तर मला त्या लोकांचा राग आला असता. आता नाही येत. ‘न’ असल्यामुळे शब्द कसेही फिरवता येतात. कुत्रा चावला माणसाला, माणसाला चावला कुत्रा, मराठीसारखंच.

उपयोग काय, हे मला सासरी-माहेरी सगळ्यांनी विचारलं. नोकरी मिळणार नाही, पगार वाढणार नाही. त्यासाठी जर्मन किंवा जपानी शिका. पण दहा महिन्यांत मी परक्या देशातल्या बाईंना आईच्या आजारपणाबद्दल पानभर लिहू शकले, आणि त्यांची ती मातृभाषा नव्हती, माझीही नव्हती. दोघींना सारखेच कष्ट. शाळेत आठ वर्षं इंग्रजी शिकून मला असं मोकळं लिहिता आलं नव्हतं. प्रवासाची आवड असेल तर पासपोर्ता सेर्वो पाहा, या भाषेत बोलणाऱ्या पाहुण्यांना आपल्या घरी मोफत उतरवून घेणाऱ्यांचं ते जाळं आहे.

पत्रव्यवहार दुसऱ्या महिन्यातच सुरू करा, मी उशीर केला. अॅपवर माणूस ‘का?’ला उत्तर देत नाही, बाई देत होत्या. शब्द पाठ करताना मुळं पाठ करा: लेर्नी शिकणं, लेर्नेयो शाळा; ‘एय’ लागला की जागा झाली. आणि हो, टोपीवाली अक्षरं, म्हणजे डोक्यावर टोपीसारखी खूण असलेली, फोनवर सापडत नाहीत म्हणून अडून बसू नका. त्या अक्षरापुढे एक्स टंकला तरी सगळ्यांना कळतं. माझी पहिली वीस पत्रं तशीच गेली आहेत.