जातं आणा, मग सुचंल

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आमच्या मंडळाचा ओव्यांचा कार्यक्रम असतो. दीपप्रज्वलन, कुसुमाग्रजांच्या प्रतिमेला हार, पाहुण्यांचं मनोगत, सगळं यथासांग होतं. माझा जीव मात्र मंडपाच्या मधोमध गोणपाटावर मांडलेल्या जात्यात अडकलेला असतो.

पहिल्या वर्षी आम्ही बायांना खुर्चीवर बसवून हातात माईक दिला होता. "आता कुठं आठवतंय बाबा," म्हणत एकेक जण उठून गेली. शेवटी एक आजी म्हणाल्या, "जातं आणा, मग सुचंल." जातं आलं, दाण्यांची वैरण पडली, खुंट्याला दोघींचे हात लागले आणि गावात गिरणी आल्यापासून मुक्या झालेल्या ओव्या एकामागून एक येऊ लागल्या. विठ्ठल, सीतेचा वनवास, माहेरचा भाऊ, बाबासाहेब. एकीनं ओळ टाकायची, समोरचीनं उचलायची. तेव्हापासून दरवर्षी त्या जागी माझे डोळे भरून येतात.

आमच्या मुळशी-मावळाला ओव्या गोळा करण्याच्या कामाची मोठी परंपरा आहे. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. संगणक आणि संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकावर आणायला हात दिला, आणि आज 'पारी'च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या गायिकेच्या नावानिशी वाचता येतात, काही ऐकताही येतात. नाव महत्त्वाचं, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. आम्हीही ओव्या रेकॉर्ड करतो, आणि प्रत्येक फाइलीवर गाणारणीचं नाव, सासर, माहेर आणि तारीख असते. 'गावातील महिला' असं लिहून मोकळं व्हायचं नाही, हा आमचा नियम. जात्याची घरघरही कापायची नाही. ओवीचा ठेका तीच धरते.

एक खंत आहेच. रेकॉर्डिंग व्हायला लागल्यापासून "ग्रुपवर टाका, घरी ऐकतो" म्हणणारे वाढले. गेल्या साली दीडशे खुर्च्यांपैकी निम्म्या रिकाम्या होत्या. गाणाऱ्या बाईला समोर माणूस दिसावा लागतो हो.

राबणाऱ्यांची नावं त्यांनीच छापू दिली नाहीत, पण आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. जात्याच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावून देणारे दादा, निम्म्या भाड्यात मंडप देणारे भाऊ, फोन एअरप्लेन मोडवर टाकून दोन तास हलायचं नाही म्हणून उभी राहिलेली कॉलेजची दोन पोरं, ओव्या टाइप करताना बोलीतला एक शब्दही 'शुद्ध' न करणाऱ्या शाळेच्या बाई, चहाच्या वहिनी, वायरमन. आणि शेजारचे काका, ज्यांनी रेकॉर्डिंग होईपर्यंत पाण्याची मोटर बंद ठेवली. मागच्या वेळी आभारात ते राहून गेले, त्याची रुखरुख अजून आहे.

"जातं आणा" म्हणणाऱ्या आजी गेल्या पावसाळ्यात गेल्या. यंदा त्यांची पहिल्या वर्षीची ओवी स्पीकरवर लावली. त्यांच्या जाऊबाई जात्यापाशी एकट्याच बसल्या होत्या, हात खुंट्यावर. आजींची ओळ संपली आणि जाऊबाईंनी पुढची उचलली, अगदी वेळेवर. रेकॉर्डिंगमध्येही ती ओळ त्यांचीच होती, तेव्हाच्या खणखणीत आवाजात. त्यांचे दोन्ही आवाज एकदमच मंडपात घुमले.

पोरांनी तेही रेकॉर्ड केलं. फाइलीवर दोघी जावांची नावं आहेत.