बाराशे शहाण्णवचा तक्ता

१९९६-९७ साली जे आपल्या शाळेत होते, त्यांना नववीच्या वर्गात मागच्या भिंतीवर लावलेला लांबलचक तक्ता आठवत असेल. जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून, गव्हाच्या पिठाच्या खळीने एकमेकांना चिकटवलेली. वर बारा महिने, डावीकडे गावांची नावं. रेघा मारायचं काम माझ्याकडे होतं. पानांच्या जोडावर खळ वाळून कडक झाली होती, तिथे पेन्सिल हटकून अडखळायची. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही.

तक्त्याची सुरुवात एका ऑफ तासाला झाली. आधीच्या तासाला मराठीच्या बाईंनी माउलींच्या समाधीचा भाग शिकवला होता आणि फळ्यावर ‘शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी’ तसंच राहिलं होतं. आमचे इतिहासाचे सर आले, त्यांनी ते पुसलं नाही. मला उठवून म्हणाले, “शकाचा इसवी सन कर.” मी ७८ मिळवले. १२९६. “आता इतिहासाचं पुस्तक काढा. अलाउद्दीन खलजी देवगिरीवर आला ते साल वाचा.”

१२९६. खडू हातात धरून मी तसाच उभा राहिलो. माउली मराठीच्या पुस्तकात आणि अलाउद्दीन इतिहासाच्या; दोघं एकाच वर्षात असतील असं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. आळंदी ते देवगिरी हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. मधे नेवासे, आपल्या गावाहून एसटीने तासाभरावर. तिथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि तिच्या शेवटी न्यायाने राज्य करणारा म्हणून ज्या श्रीरामचंद्राचा उल्लेख येतो, तो हाच रामदेवराव यादव. सहा वर्षांनी तोच राजा किल्ल्यात कोंडला गेला होता.

सर म्हणाले, “आजवर तुम्ही इतिहास उभा वाचलात, एका राजाखाली दुसरा राजा. हे एक वर्ष आपण आडवं वाचू.” आणि खरोखर पुढचे सहा महिने आम्ही ते एकच वर्ष वाचत होतो.

पहिली ओळ देवगिरीची. अलाहाबादजवळच्या कडा या गावचा सुभेदार अलाउद्दीन फेब्रुवारीच्या अखेरीस निघाला. सुलतान जलालुद्दीन त्याचा चुलता आणि सासरा, पण त्यालाही मोहिमेचा पत्ता नव्हता. चंदेरी, एलिचपूर असा तो दक्षिणेत उतरला. यादवांचं मुख्य सैन्य युवराजाबरोबर बाहेर गेलेलं. मागून दिल्लीची मोठी फौज येते आहे, अशी हूल त्याने उठवून दिली. वाटेत कान्हा नावाच्या सरदाराने त्याला अडवलं आणि कान्हाच्या बाजूने दोन स्त्रिया वाघिणीसारख्या लढल्या, असं इसामी हा जुना इतिहासकार सांगतो. त्या दोघींची नावं त्याने दिलेली नाहीत. तक्त्यात सरांनी त्यांच्यासाठी वेगळा चौकोन आखायला लावला.

मग आली मिठाची गोष्ट. घाईघाईत किल्ल्यात पोती नेऊन ठेवली, वेढा पडल्यावर उघडली तर धान्याऐवजी मीठ निघालं. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची ती पोती. माझ्या वडिलांचं किराणा दुकान. मिठाचं पोतं मला अंधारातही ओळखू यायचं. पावसाळ्यात त्याचं गोणपाट ओलसर लागतं, हात चिकट होतो, आणि पाठीवर घेतलं की बाजरीसारखं ते अंगाशी बसत नाही. मी सरांना विचारलं, “वाहणाऱ्याला कसं कळलं नाही?” सरांना प्रश्न फार आवडला. ते म्हणाले, “ही गोष्ट फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो आणि तो तीनशे वर्षांनंतरचा. तेव्हा ती ऐकून ठेवायची आणि तुझा प्रश्न तिच्याशेजारी लिहायचा.” तो प्रश्न तक्त्यावर माझ्या हस्ताक्षरात आहे. माझ्या प्रश्नाला एखाद्या भिंतीवर जागा मिळण्याची ती पहिली वेळ.

जुलैत कड्याला गंगेच्या काठी अलाउद्दीनने भेटीला आलेल्या चुलत्याचा खून करवला आणि तो दिल्लीकडे निघाला. मुक्कामामुक्कामाला मंजनिकातून सोन्याच्या चांदण्या लोकांवर उधळल्या जात होत्या, असं बरनी या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. दगड फेकायचं यंत्र, आणि त्यातून देवगिरीहून आणलेलं सोनं! ऑक्टोबरात तो दिल्लीच्या तख्तावर बसला. त्याच शरदात इंद्रायणीकाठी एकवीस वर्षांच्या माउलींनी समाधी घेतली. नामदेवराय तिथे होते, त्यांच्या अभंगांतून तो प्रसंग आपल्यापर्यंत आला. सरांनी हे दोन चौकोन वाचायला सांगितले आणि स्वतः काही बोलले नाहीत.

बाहेरच्या जगाच्या ओळी सर ग्रंथालयांतून टिपणं काढून आणायचे. मार्चअखेर इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडचं बेरिक हे भरभराटीचं बंदर लुटलं, हजारो माणसं मारली. त्याच मोहिमेत स्कॉटलंडच्या राजांचा अभिषेक ज्या शिळेवर व्हायचा, तीच त्याने उचलून लंडनला नेली. सप्टेंबरात फ्लोरेन्सला आर्नोल्फो दि कांबिओच्या आराखड्यावर मोठ्या चर्चचा पाया घातला. त्याचा घुमट पुरा व्हायला १४३६ उजाडलं. पोप आणि राजे यांच्यात पाद्र्यांवरच्या करावरून वाद पेटला होता, तो आम्ही एका वाक्यात उरकला.

पण माझ्या मनात घर केलं ते अंगकोरच्या ओळीने. चीनच्या वकिलातीबरोबर चौ ताक्वान नावाचा माणूस १२९६च्या ऑगस्टात कंबोजच्या, म्हणजे आजच्या कंबोडियाच्या, राजधानीत पोहोचला, जवळजवळ वर्षभर राहिला आणि पाहिलं ते लिहीत गेला. राजाची मिरवणूक त्याने लिहिली, आणि बाजारही लिहिला. तिथला व्यापार बायकांच्या हातात. दुकानं नाहीत, जमिनीवर चटई अंथरून बसायचं, पहाटेपासून दुपारपर्यंत. जागेचं भाडं अधिकाऱ्याला द्यायचं. किरकोळ खरेदी तांदळावर, त्याहून मोठी कापडावर, आणि मोठे व्यवहार सोन्याचांदीवर. आपल्या सोमवारच्या बाजारात माझी आजी पोतं अंथरून वांगी विकायला बसायची आणि ग्रामपंचायतीचा माणूस पावती फाडायला यायचा. सातशे वर्षांपूर्वीच्या परक्या मुलखातली ती बाई मला लगेच ओळखीची वाटली. देवगिरीला वेढा पडला तेव्हा पेठेतल्या अशा बायकांनी आपली पोती कुठे ठेवली असतील, हे तेव्हापासून मी कितीदा मनाशी विचारलंय.

त्या वर्षी, १९९६च्या ३० नोव्हेंबरला, ती स्कॉटलंडची शिळा बरोबर सातशे वर्षांनी एडिंबरोच्या किल्ल्यात परत नेली गेली. सरांनी वर्तमानपत्रातलं कात्रण बेरिकच्या ओळीखाली चिकटवलं. पुढच्याच आठवड्यात आळंदीची कार्तिकी, तीही समाधीच्या सातशेव्या वर्षाची. आजी दिंडीबरोबर गेली होती. परतल्यावर तिने आणलेला बुक्का मी शाळेत नेला आणि सरांनी आळंदीच्या चौकोनात बोटाने टिळा लावला.

दहावीनंतर मी दुकानात बसलो. शिक्षण पुढे झालं नाही याची खंत आहे, पण रात्री शटर ओढल्यावर तासभर वाचायची सवय सरांनी लावली, ती आजतागायत सुटलेली नाही. पोरांच्या हातात पुस्तकातली तारीख न देता ती शोधायची रीत देणारा शिक्षक मला मिळाला, हे माझं भाग्यच.

गेल्या महिन्यात प्रदर्शनाच्या तयारीसाठी कपाट उघडलं तर तक्ता गुंडाळी करून ठेवलेला सापडला. जोडांवर कसर लागली आहे, आळंदीच्या चौकोनातला बुक्का अजून दिसतो. सगळ्यात खालची ओळ ‘आपलं गाव’ अशी आहे आणि ती बाराही महिने कोरी आहे. तेव्हा आम्ही मारुतीच्या देवळामागचे वीरगळ पाहून आलो होतो. लढणारा वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवपूजा. अक्षर मात्र एकही नाही. “साल नाही, तर चौकोन भरायचा नाही,” असं सरांनी सांगितलं होतं.

यंदाच्या नववीची मुलं त्या वीरगळांचे ठसे घेणार आहेत. कागद आणि खळीचं पीठ दुकानातून पाठवलं आहे.