सोळावा आठवडा: टेकडी, लॅक्टेट आणि मेंदू

संथ पळताना हार्टरेट (मिनिटाला हृदयाचे ठोके) १३५ च्या वर जाऊ द्यायचा नाही हे सोळा आठवडे बऱ्यापैकी पाळलंय. सुरुवातीला ह्याच हार्टरेटला किलोमीटरला ९:१० मिनिटं लागायची, रविवारी ८:२५ आले, तेही सोबतच्याशी गप्पा मारत. वय ५३, त्यामुळे जाम आनंद झालाय.

बुधवारी वेताळ टेकडीच्या चढावर ४ मिनिटांचे ४ रिपीट (जोरात चढायच्या फेऱ्या) मारले आणि लगेच लॅक्टेट मीटर लावला (जोर लावल्यावर स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट बोटाच्या रक्ताच्या थेंबातून मोजतो तो), रीडिंग ११.८ मिलिमोल प्रति लिटर, घाबरलोच, मग लक्षात आलं की बोट घामेजलेलं होतं आणि घामात लॅक्टेट भरपूर असतं. बोट धुतलं, खडखडीत कोरडं केलं, पहिला थेंब पुसून दुसरा घेतला तर ७.२. मीटरवाल्यांनो, एवढं कराच.

आपण सगळे ऐकत आलो की लॅक्टिक ॲसिड (लॅक्टेटचंच रूप) म्हणजे कचरा, त्यानेच पाय दुखतात. तसं नाहीये. शास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूक्सनी १९८० च्या दशकात लॅक्टेट शटल मांडलं, म्हणजे एका पेशीत तयार झालेलं लॅक्टेट दुसरी पेशी इंधन म्हणून वापरते, आणि त्यात मेंदूही आला, जो वजनाच्या जेमतेम २ टक्के असून २० टक्के ऊर्जा एकटा खातो! २०१७ मध्ये उंदरांवर दिसलं की हे लॅक्टेट मेंदूतल्या एका रिसेप्टरला (पेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) जाऊन लागतं आणि तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या, वय वाढताना शरीरात काय बदलतं ह्यावर १९५८ पासून चालू असलेल्या अभ्यासात तर लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून भराभर पाय झाडायला लावतात, मग मांडीतलं फॉस्फोक्रिएटिन (स्नायूंचा झटपट ऊर्जेचा साठा) किती लवकर परत भरतं ते मोजतात. ज्यांचं लवकर भरतं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले ऊर्जेचे कारखाने) दमदार, त्यांच्या मेंदूची झीज कमी दिसते. अर्थात कशामुळे काय होतं हे एवढ्यावरून ठरत नाही. पण २०११ चा प्रयोग मला जास्त पटतो, १२० ज्येष्ठ मंडळी, अर्ध्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं नुसतं चालायला लावलं, त्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींचा भाग, २ टक्के वाढला आणि फक्त स्ट्रेचिंगवाल्यांचा १.४ टक्क्यांनी आटला. पळणंही नाही हो, चालणं!

हे सगळं वाचायला लागलो ते आईमुळे. दोन वर्षांपासून तिला नावं आठवत नाहीत. आता तिच्याही नोंदी ह्याच वहीत करतोय. सोमवार: २२ मिनिटं, मैदानाच्या तीन फेऱ्या, मधे एकदा बाकावर. गुरुवार: २४ मिनिटं, चार फेऱ्या, बाक नाही.